मांजराच्या बुबुळात नख घुसलंय, कडेला तपकिरी ठिपका दिसतो: सकाळपर्यंत काय करावं?

टाचणी:
बोका, वय साधारण ३ वर्षं, वजन ४.२ किलो. दुसऱ्या बोक्याशी झटापट होऊन १५-१८ तास झालेत. डावा डोळा घट्ट मिटलेला. अधूनमधून किलकिला करतो तेव्हा बुबुळ निळसर धुरकट दिसतं. घड्याळात ५ वाजता काटा असतो त्या जागी मोहरीएवढा तपकिरी ठिपका आहे, किंचित वर आलेला. बाहुली गोल नाही, त्या ठिपक्याकडे थेंबासारखी ओढली गेली आहे. सुरुवातीला नुसतं पाणी गळत होतं, आता स्राव थोडा चिकट आहे. उजवा डोळा ठीक. खाणं कमी, बाकी सगळं नेहमीसारखं.

डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य सकाळी भेटणार, म्हणजे अजून १४ तास. तोपर्यंत:
१. ठिपका ही खपली आहे की रुतलेला कचरा? सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने अलगद निघेल का?
२. हाताशी टोब्रामायसिन-डेक्सामेथासोनचे थेंब आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम आहे. यातलं कुठलं घालू?
३. जवळचे डॉक्टर आत्ताच तिसरी पापणी ओढून डोळा शिवून टाकू म्हणतात. करू द्यावं का?

अर्धी मिशी:
ठिपक्याला हात लावू नका. सलाइनचा कापूस नको, कानकाडी तर नकोच.

तुमच्या वर्णनात दोन गोष्टी एकत्र आल्यात: वर आलेला तपकिरी ठिपका आणि त्याच्याकडे ओढलेली बाहुली. कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) आरपार फाटला की आतलं पाणी बाहेर धावतं आणि त्याच्यासोबत आयरिसचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) एक कोंब भोकात येऊन अडकतो. आयरिसची मागची बाजू काळी असते, म्हणून डोळे हिरवे-पिवळे असले तरी कोंब काळसर तपकिरी दिसतो. वर फायब्रिनचा (गोठलेल्या चिकट प्रथिनाचा) थर साचला की हुबेहूब खपली वाटते. कचरा असता तर बाहुली गोलच राहिली असती. आत्ता तोच कोंब भोकाला बूच म्हणून बसलाय. तो ओढलात तर आतलं पाणी पुन्हा वाहील, रक्तस्राव होईल आणि डोळा बसेल.

थेंबांचं. डेक्सामेथासोन असलेलं काहीही नको. स्टेरॉइडमुळे कॉर्नियाची जखम भरायची थांबते, कॉर्निया विरघळवणाऱ्या एन्झाइमना बळ मिळतं, आणि बहुतेक मांजरांच्या अंगात हर्पिस विषाणू दबा धरून असतो तो उठतो. बाटलीवर 'डेक्सा', 'प्रेड', 'बीटा', 'फ्लुओरो' असं काही दिसलं की बाजूला ठेवा. डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅकचे थेंबही नकोत. लाली घालवणारे माणसांचे थेंब तर मांजराला विषासारखे, नाफाझोलिन-टेट्राहायड्रोझोलिनने हृदयाची गती आणि रक्तदाब कोसळतो.

मलमही नको, कारण वेगळं. क्लोरॅम्फेनिकॉल औषध म्हणून वाईट नाही, पण मलमाचा तेलकट आधार भोकातून आत गेला तर आत कायमची सूज धरतो. आरपार जखमेचा संशय असेल तोवर फक्त पाण्यासारखे थेंब. साधं टोब्रामायसिन किंवा ऑफ्लॉक्सासिन, स्टेरॉइडशिवाय, दर ४ तासांनी १ थेंब. पापण्या बोटांनी फाकवायच्या नाहीत. आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा, डोळा उघडला की आपोआप आत जातो. डोळा उघडतच नसेल तर जबरदस्ती करू नका. त्या झटापटीत होणारं नुकसान चुकलेल्या थेंबापेक्षा मोठं असतं.

मानगूट धरून उचलू नका. मानेची कातडी ताणली की पापण्या ताणल्या जातात आणि डोळ्यातला दाब वाढतो, मग बूच सुटायला वेळ लागत नाही. गळ्यातला पट्टाही काढून टाका.

भुरी:
औषधांच्या मात्रा लिहून ठेवते. जवळच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी होकार दिला तरच द्या.

मांजराच्या नखातले आणि तोंडातले जंतू, विशेषतः पाश्चरेला, डोळ्यात खोल जातात. तिथे नुसते थेंब पुरत नाहीत. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ६२.५ मिलिग्रॅमची १ गोळी दर १२ तासांनी. ४.२ किलोला ती किलोमागे जवळपास १५ मिलिग्रॅम पडते, योग्य पट्ट्यात आहे. कोणी एन्रोफ्लॉक्सासिन सुचवलं तर दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून जास्त मात्रेने मांजराच्या डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणजे शाबूत असलेला उजवा डोळाही जायचा.

दुखणं थांबवायला ब्युप्रेनॉर्फिन सर्वांत सोयीचं: किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, गालाच्या आत, दर ८ तासांनी. याला ०.०८४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या इंजेक्शनातून ०.२८ मिलिलिटर. गिळलं तर फारसं लागू पडत नाही, हिरडी आणि गालाच्या मधे सोडायचं.

मेलॉक्सिकॅम आतली सूज उतरवायला चांगलं. पण मूत्रपिंड ठणठणीत हवं, अंगात पाणी हवं, आणि सोबत स्टेरॉइड चालू नको. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. चूक होते ती बाटलीत: मांजराचं द्रावण ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, कुत्र्याचं १.५. याला मांजराच्या बाटलीतून ०.४२ मिलिलिटर बसतं. तेवढंच कुत्र्याच्या बाटलीतून घेतलं की मात्रा थेट तिप्पट.

पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा नाही. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि जनावर दगावतं. आयबुप्रोफेनही नाही.

रात्री शेवटचं खाणं कधी द्यायचं ते सर्जनलाच विचारा. भुलीआधी मोठ्या मांजराला साधारण ६ तास पोट रिकामं ठेवतात, पाणी काढून घेत नाहीत.

खिडकीतलं ऊन:
कॉलरबद्दल कोणी बोललंच नाही. गळ्यातला पट्टा काढायचा पण शंकूची कॉलर घालायचीच. कडक प्लास्टिकची, नाकाच्या टोकाच्या २-३ सेंटिमीटर पुढे येईल एवढी लांब, मानेपाशी एक बोट जाईल इतकी सैल. हवा भरलेली गोल उशी डोळ्याच्या जखमेला कुचकामी आहे, पुढचा पंजा तिच्यावरून आरामात डोळ्यापर्यंत पोचतो. शिवाय मांजर दुखरी बाजू तिच्यावरच घासतं. पुढच्या पंजांची नखं कापून घ्या, अंगठ्याचं विसरू नका. तोंड चोळताना तेच लागतं.

टाचणी:
मलम आणि डेक्सा दोन्ही बाजूला ठेवलं. साधं टोब्रामायसिन मिळालंय. कॉलर घातली. गोळी आणि ब्युप्रेनॉर्फिन जवळच्या डॉक्टरांनी दिलं. तिसऱ्या पापणीचं मात्र ते अजून म्हणताहेत. म्हणतात, डोळ्यावर नैसर्गिक पट्टी होईल.

अर्धी मिशी:
विनयाने नाही म्हणा. तिसरी पापणी शिवली की आतलं काही दिसत नाही. जखम वितळतेय, पू झालाय, बूच सुटलंय, काहीच कळत नाही, आणि १० दिवसांनी टाके काढल्यावर आत डोळा उरलेला नसतो. थेंब नीट पोचत नाहीत. आणि ती पापणी कॉर्नियाला चिकटत नाही, त्यामुळे तिथून रक्तपुरवठाही होत नाही. उथळ, स्वच्छ जखमेवर झाकण म्हणून चालत असे, आरपार जखमेवर नाही. शिवताना डोळ्यावर दाब येतो तो वेगळाच.

सुतळी:
थोडा असहमत. सर्जन दोन-तीन दिवस मिळणारच नसेल आणि मांजर डोळा मिटू शकत नसेल, तर वरची-खालची पापणी तात्पुरती एकमेकींना शिवणं हा मध्यम मार्ग आहे. त्यात आतल्या कोपऱ्याशी ३-४ मिलिमीटर फट ठेवतात, तिथून थेंबही जातो आणि काय वाहतंय ते दिसतं. टाके पापणीच्या कडेवर अर्ध्या जाडीतून घ्यायचे, आरपार गेले की दोरा थेट कॉर्नियावर घासतो. तुमच्या बोक्याला उद्या सकाळी सर्जन आहे, त्याला हे नको.

अर्धी मिशी:
सुतळी, मान्य. आरपार भोक असताना तेही मी नाखुषीनेच करेन, पण तिसऱ्या पापणीपेक्षा शंभर पटीने बरं.

टाचणी, सकाळी काय काय होईल ते सांगतो, म्हणजे होकार देताना गोंधळ नको.

आधी प्रश्न असतो की मागचा पडदा आणि नस जिवंत आहे का. आतलं काही दिसत नसलं तरी हे कळतं. अंधाऱ्या खोलीत प्रखर उजेड दुखऱ्या डोळ्यावर टाकतात आणि बघतात चांगल्या डोळ्याकडे. त्याची बाहुली आकसली तर दुखऱ्या डोळ्यातून संदेश मेंदूपर्यंत जातोय. नुसत्या उजेडाने मांजर डोळा मिचकावतं का, हेही पाहतात. दोन्ही मिळाले तर डोळा वाचवण्यात अर्थ आहे. आत रक्त भरलं असेल तर अल्ट्रासाउंडने भिंग जागेवर आहे का, पडदा सुटलाय का ते बघतात, तेही जाड जेलमधून, न दाबता.

मग फ्लुओरेसिन, म्हणजे डोळ्यात घालायचा तपासणीचा रंग. ओरखडा हिरवा रंग धरतो. इथे एक फसवणूक असते: जखम खोल जाऊन फक्त सर्वांत आतला डेसिमेट पडदा उरला असेल तर तो रंग धरत नाही. कडा हिरव्या, मध्यभाग स्वच्छ काळा. नवख्याला वाटतं मध्ये भरून आलंय. खरं तर तिथे फुटायला केसभर अंतर उरलेलं असतं. भोक गळतंय का हे बघायला दाट फ्लुओरेसिन लावून निळ्या उजेडात बघतात. गळत असेल तर नारिंगी थरातून हिरवा ओघळ उतरताना दिसतो.

शस्त्रक्रियेत कोंब ताजा आणि स्वच्छ असेल तर आत सारतात, सुकलेला किंवा मळलेला असेल तर कापतात. रक्त येतं, ते अपेक्षित आहे. मग ८-० किंवा ९-० अशा अतिशय बारीक दोऱ्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, मिलिमीटरभर अंतरावर टाके. टाका कॉर्नियाच्या जाडीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश खोल जातो. अख्खी जाडीच अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त, तेव्हा किती जपून काम करावं लागतं ते बघा. उथळ टाका तुटतो, आरपार टाका वातीसारखा जंतू आत ओढतो. शेवटी हवा किंवा जेल भरून पुढचा कप्पा पुन्हा फुगवतात, नाहीतर आयरिस कॉर्नियाला चिकटतो.

मांस गेलं असेल, कडा जुळत नसतील, तर बाजूच्या पांढऱ्यावरची पातळ त्वचा देठासकट फिरवून त्या जागी शिवतात. रक्तपुरवठा तिच्यासोबतच येतो. काही आठवड्यांनी देठ कापतात. डाग राहतो, फूल पडल्यासारखा दिसतो, पण बाहुलीच्या आड येत नसेल तर मांजराला काही फरक पडत नाही.

सर्जनला एक प्रश्न विचाराच: भिंगाचं आवरण फाटलंय का? मांजराचं नख वाकडं असतं, बाहेर छोटं भोक दिसलं तरी आत भिंगापर्यंत ओरखडा असू शकतो. आवरण फाटलं की भिंगातलं प्रथिन बाहेर पडतं आणि शरीर त्याच्यावर तुटून पडतं. जुना ठोकताळा असा की फाट १.५ मिलिमीटरहून मोठी असेल तर भिंग काढावं. लहान फाट औषधांवर ठेवून बघणारे सर्जनही आहेत. ठेवायचं ठरलं तर नखाबरोबर भिंगात शिरलेले जंतू काही आठवड्यांनीही पू करू शकतात. डोळा निवळला आणि महिन्याने पुन्हा लाल झाला तर ते वाट बघण्याचं काम नाही.

टाचणी:
उजेडाची चाचणी डोळा आपसूक उघडला तेव्हा एकदाच केली. उजवी बाहुली आकसली. शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांचं काही तंत्र आहे का? एका वेळी तीन-चार औषधं असतील असं सांगितलंय.

भुरी:
छान, ती नोंद सर्जनला नक्की सांगा.

थेंब घालताना मांजर टेबलावर, तोंड तुमच्यापासून दूर, मागचा भाग तुमच्या पोटाला टेकलेला. टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोकं बाहेर. एका हाताने हनुवटी वर करायची, बाटलीचा हात कपाळावर टेकवून वरून आणायचा, म्हणजे मांजर हललं तर हातही सोबत हलतो आणि बाटलीचं टोक डोळ्यात शिरत नाही. एका वेळी एकच थेंब. दुसरा थेंब पहिल्याला गालावर ढकलतो. दोन औषधांमध्ये ५ ते १० मिनिटं. मलम दिलं असेल तर सर्वांत शेवटी, नाहीतर त्याच्या थराखाली पुढचे थेंब पोचत नाहीत.

अ‍ॅट्रोपिन १ टक्का मिळेल तेव्हा घाबरू नका. ते बाहुली मोठी करून आतल्या स्नायूंची पेटके आल्यासारखी वेदना सोडवतं. पण थेंब अश्रूनळीतून नाकात आणि तिथून जिभेवर उतरतो आणि भयंकर कडू असतो, मांजर तोंडाला फेस आणून पळत सुटतं. विषबाधा नाही ती. मलमाने हे कमी होतं, पण भोक पक्कं बंद झाल्यावरच मलम. बाहुली एकदा मोठी झाली की मात्रा कमी करतात, आणि डोळ्यातला दाब वाढलेला असेल तर देतच नाहीत. शस्त्रक्रियेआधी स्वतःहून घालू नका.

टाके घातलेली जागा राखाडी, बुळबुळीत, शेंबडासारखी दिसायला लागली तर कॉर्निया वितळतोय. हे तासांचं काम, दिवसांचं नाही. तेव्हा त्याच्याच रक्तातला सीरम थेंब म्हणून वापरतात. ५ मिलिलिटर रक्त साध्या नळीत घेऊन ३०-६० मिनिटं गोठू देतात, फिरवून वरचा पिवळा भाग निर्जंतुक सुईने काढतात. सुमारे २ मिलिलिटर मिळतो, म्हणजे जवळपास ४० थेंब, दर २ तासांनी घातला तर तीन दिवस पुरतो. दुसऱ्या निरोगी मांजराचा, अगदी घोड्याचा सीरमही चालतो, एन्झाइम रोखण्याचं काम तेच. तो फ्रिजमध्ये ठेवायचा, थेंब घालण्यापुरता बाहेर काढायचा, गढूळ दिसला की टाकायचा. त्यात जंतू फार लवकर वाढतात.

डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल तर मागोमाग ५-६ मिलिलिटर पाणी किंवा घासभर अन्न द्याच. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होऊन नळी आवळते.

सुन्न करणारे थेंब घरी मागू नका. तपासणीपुरते ठीक, रोज वापरले तर नवी त्वचा वाढतच नाही.

खिडकीतलं ऊन:
धाग्याचा विषय जरा ताणतो, पण शोधत इथे येणाऱ्यांना उपयोग होईल. डोळा खोबणीबाहेर आला असेल तर? आणि चुना, सिमेंट, फरशी धुण्याचं रसायन गेलं असेल तर?

सुतळी:
बाहेर आलेला डोळा: ढकलून आत घालू नका. सलाइनने चिंब भिजवलेली जाळी वर ठेवा, दर १०-१५ मिनिटांनी पुन्हा भिजवा, सुकला की संपला. मांजराची खोबण खोल असते, डोळा बाहेर यायला प्रचंड मार बसावा लागतो. म्हणून श्वास, जबडा, टाळू आणि डोकं आधी तपासायचं, डोळा नंतर. दृष्टी परत येणं दुर्मीळ. डोळा फुटलेला नसेल आणि स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतील तर भुलीत आत बसवून पापण्या २-३ आठवडे शिवून ठेवतात.

रसायन: आधी धुवा, मग फोन. सलाइन नसेल तर साधं स्वच्छ कोमट पाणी, सलग २०-३० मिनिटं, बारीक धारेने, नाकाच्या बाजूकडून बाहेर. चुना आणि सिमेंट अल्कधर्मी असतात, चरबी वितळवत खोल जातात, आम्लापेक्षा वाईट. चुन्याचे कण तिसऱ्या पापणीच्या मागे दडून बसतात, तिथली धार चुकवू नका. अल्कलीवर लिंबू किंवा व्हिनेगर ओतणं हा शुद्ध अघोरीपणा.

पापणी फाटली असेल तर लोंबणारा तुकडा कापू नका. पापणीला रक्तपुरवठा भरपूर असतो, मेल्यासारखा दिसणारा तुकडाही जगतो, आणि कड परत बनवता येत नाही. धुवायला १० टक्क्यांच्या पोव्हिडोन आयोडीनचं १ भाग, सलाइन ४९ भाग. साबण मिसळलेलं 'स्क्रब' नाही, क्लोरहेक्सिडिन नाही, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नाही.

अर्धी मिशी:
चांगली भर. आणखी एक: म्हाताऱ्या मांजराच्या डोळ्यात अचानक रक्त दिसलं आणि मार लागल्याचं कोणी पाहिलं नसेल तर आधी रक्तदाब मोजा. १८० च्या वर असेल तर गुन्हेगार बहुतेक तोच.

टाचणी, डोळा वाचवणं जमलंच नाही आणि तो आकसून, आंधळा होऊन राहिला तर 'दुखत नाही ना, असू दे' असं करू नका. मांजरांमध्ये अशा मार लागलेल्या डोळ्यात वर्षांनंतर सार्कोमा (एक कर्करोग) होतो, कित्येकदा ५-७ वर्षांनी, आणि तो नसेवरून मागे सरकतो. म्हणून तो डोळा काढून पॅथॉलॉजीला पाठवतात. काढणाऱ्याला माहीत असतंच, तरी लिहितो: मांजराची दृष्टीची नस आखूड असते, डोळा ओढत कापला तर ताण दोन्ही नसा जुळतात तिथे पोचतो आणि चांगला डोळाही जाऊ शकतो.

टाचणी:
शस्त्रक्रिया झाली. भिंगाचं आवरण शाबूत आहे. कोंब कापला, चार टाके. ऑफ्लॉक्सासिन दर ४ तासांनी, अ‍ॅट्रोपिन दिवसातून दोनदा, गोळी चालू. फेर तपासणी ४८ तासांनी. अ‍ॅट्रोपिनला फेस आला, भुरींनी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

भुरी:
अ‍ॅट्रोपिनच्या आधी सिरिंजने थोडं पाणी पाजा आणि थेंब गेल्यावर चाटायला काहीतरी आवडीचं द्या, फेस निम्मा होतो. पिंजऱ्यावर टॉवेल टाकून ठेवा, बाहुली मोठी असेपर्यंत उजेड टोचतो. आणि कॉलर सर्जन म्हणेपर्यंत काढू नका, खातानाही नाही. ताटलीपेक्षा अरुंद वाटी उंचावर ठेवली की कॉलरची कड तिच्या बाहेरून बसते आणि तो नीट खातो.